नळी बदलू का? १०/२२ रायफलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो की रूगर १०/२२ ची नळी दोन स्क्रू सैल केले की हातात येते, आणि त्या वाक्याने एवढी पत्रं आणली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. ज्यांना ही रायफल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत १९६४ साली बाजारात आलेली ही पॉइंट टू टू ची सेमी ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप चढते. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, ॲल्युमिनियमचा रिसीव्हर (नळी आणि चाप ज्याला जोडलेले असतात ते मधलं धड), साडेअठरा इंची नळी. तिकडे डबे आणि कागदी टार्गेट फोडायला, सशाच्या शिकारीला, पोरांना शिकवायला घरोघरी असते, आणि तिचे सुटे भाग बाहेरच्या कंपन्या इतके बनवतात की रूगरचा एकही पार्ट न वापरता पूर्ण १०/२२ जुळवता येते. आपल्याकडे बुलेटवाले कसे सायलेन्सर, हँडल, सीट बदलत बसतात, तसंच हे वेड.

प्रश्न : काका, मी ऑस्टिनजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे, दोन वर्षांपूर्वी १०/२२ घेतली. ५० यार्डावर माझा ग्रुप (लागोपाठच्या गोळ्यांची भोकं जेवढ्यात पडतात तो घेर) दीड-पावणेदोन इंचाचा येतो. रेंजवरचे लोक म्हणतात बुल बॅरल, म्हणजे जाड नळी टाक, अर्ध्या इंचात येशील. ग्रीन माउंटनची घेऊ की व्हॉल्कर्टसनची की किडची? बजेट चारशे डॉलर. आणि घरी बदलता येईल ना? (ऑस्टिन, टेक्सस)

येईल, पण आधी मला सांग तू कुठली काडतुसं वापरतोस. पत्रात एवढं सगळं लिहिलंस आणि तेच नाही लिहिलं. माझा अंदाज आहे की सुपरमार्केटमधला पाचशे गोळ्यांचा स्वस्त डबा. त्यातली प्रत्येक गोळी थोड्या वेगळ्या वेगाने जाते, आणि शिवाय ती बहुतेक आवाजापेक्षा वेगवान असते. आवाजाचा वेग साध्या हवेत सेकंदाला सुमारे ११२५ फूट. सीसीआयची मिनी-मॅग १२३५ फुटांनी निघते आणि वाटेत कधीतरी त्या ११२५ च्या खाली उतरते, ते उतरताना गोळी डगमगते, ग्रुप पसरतो. त्यांचीच स्टँडर्ड व्हेलॉसिटी १०७० फुटांनी निघते, म्हणजे ती भानगडच नाही. तर पहिलं काम, चार-पाच प्रकारची एकेक डबी घे, स्टँडर्ड व्हेलॉसिटी, एली, एसके असं काहीतरी, आणि प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मार, बाकी काही न बदलता. एक ग्रुप मारून निष्कर्ष काढू नकोस, एखादा ग्रुप नशिबाने पण छोटा येतो आणि तोच माणूस खिशात घालून फिरतो. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, माझ्या एका नळीला महागडी काडतुसं अजिबात पटत नाहीत आणि मधल्या भावाची एकदम आवडतात, का ते मला विचारू नका.

दुसरं काम ट्रिगर. फॅक्टरीचा चाप जड आणि खरखरीत असतो, तू ओढेपर्यंत नेम हललेला असतो. रूगर स्वतःच बीएक्स ट्रिगर म्हणून विकतं, पावणेतीन पौंडाच्या आसपास, अख्खं युनिट दोन पिना काढून बदलायचं. नळीच्या चारशेतले शंभर इथे घातलेस तर फरक आधी दिसेल असं माझं मत आहे, पण रेंजवर कोणी ऐकत नाही कारण ट्रिगर बाहेरून दिसत नाही आणि जाड नळी दिसते.

आता नळी. एवढं करूनही बदलायचीच असेल (मला माहितीये बदलणारच) तर पहिल्यांदा जाडी समजून घे. बुल बॅरल म्हणजे ०.९२० इंच व्यासाची, मागून पुढपर्यंत सारखी. फॅक्टरीची निमुळती. तुझ्या दस्त्यातली खाच निमुळत्या नळीसाठी कोरलेली आहे, त्यात बुल बॅरल बसतच नाही, म्हणजे एकतर खाच रुंद कर नाहीतर नवीन दस्ता घे, होग किंवा मॅगपुल किंवा लाकडी. तुझ्या चारशेत ते धरलंस का? आणि वजन. २० इंची पोलादी बुल बॅरल एकटीच दीड किलोच्या वर जाते, तुझी आत्ताची अख्खी रायफल सव्वादोन किलोची आहे. बेंचवर टेकवून मारणार असशील तर छान, उभं राहून मारणार असशील तर दहा मिनिटांत खांदा बोलायला लागेल. वजन नको असेल तर ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या बाहीत बारीक पोलादी नळी बसवलेल्या मिळतात. कंपनी कुठली, याचं उत्तर सरळ आहे : ग्रीन माउंटन खिशाला परवडते, किड आणि व्हॉल्कर्टसन महाग आणि तेवढ्याच नीट. तुझ्या बजेटात दस्ता धरला तर पहिलीच.

अजून एक शब्द जाहिरातीत दिसेल, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा. मॅच चेंबर घट्ट असतं, गोळी पिळाला (नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांना) टेकून बसते, अचूकता वाढते, पण न उडालेलं काडतूस काढायला गेलं की गोळी आत अडकून राहू शकते आणि दारू रिसीव्हरभर सांडते. फॅक्टरीचं स्पोर्टिंग चेंबर सैल, काहीही खातं. बेंट्झ म्हणून मधला प्रकार आहे, सेमी ऑटोसाठीच काढलेला, तू तो घे. पीळ सगळ्यांचा जवळपास सारखाच, १६ इंचात एक फेरा.

बसवण्याचं सांगतो. मॅगझिन काढ, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा) मागे ओढून चेंबरमध्ये बघ, आणि मग बोट घालून परत बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग नळीवरची पट्टी काढ, दस्त्याखालचा एकुलता एक स्क्रू काढ, सेफ्टीचं बटण अर्ध्यात ठेव म्हणजे रिसीव्हर दस्त्यातून वर येतो, पूर्ण इकडे किंवा तिकडे असेल तर अडकतो आणि लोक जोर लावून दस्ता चिरतात. आता पुढे तुला इंग्रजी व्ही सारखा ठोकळा दिसेल, दोन ॲलन स्क्रूंनी धरलेला. ते स्क्रू सुटले की ठोकळा निघाला, नळी पुढे ओढली की आली. नवीन नळी सरकव, खालची खाच ठोकळ्यासमोर आली पाहिजे, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखासाठी नळीच्या तोंडाशी असलेली फट त्या नखासमोर. मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडा हा थोडा तो, एक आवळून मग दुसरा असं नाही.

इथे माझी गोष्ट सांगतो म्हणजे तू तरी वाचशील. माझ्या पहिल्या रायफलला मी असाच उत्साहात लांब दांड्याची ॲलन की घेऊन बसलो होतो, म्हटलं नळी आहे, घट्ट पाहिजे, आणि करकचून एक फेरा जास्त दिला. रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू पोलादी. आटे गेले. तो मऊ आवाज, खरं म्हणजे आवाज नाहीच, हाताला एकदम जे रिकामं लागतं ना, ते मी विसरणार नाही. गनस्मिथकडे जाऊन आट्यांत पोलादी गुंडाळी बसवून घ्यावी लागली. तेव्हापासून छोटा टॉर्क रेंच वापरतो आणि नळीबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा आधी वाचतो.

नळी रिसीव्हरमध्ये जात नसेल तर हातोडी नको, पॉलिश पेपर पण नको. नळी तासभर फ्रीजरमध्ये ठेव आणि रिसीव्हर हेअर ड्रायरने कोमट कर, सरकते. सैल वाटली तर परत पाठव. शेवटी बोल्ट हळूच पूर्ण बंद होतोय का, नख फटीत बसतंय का ते बघ. हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये काडतुसाला मिळणाऱ्या जागेची काळजी १०/२२ मध्ये कमी, कारण काडतुसाच्या कडेची जागा बोल्टच्या तोंडात खोदलेली असते, नळीत नाही, म्हणून नळी बदलल्याने ती सहसा बदलत नाही. बोल्टही बदलणार असशील तर मात्र गनस्मिथकडून गेजने तपासून घे.

प्रश्न : नमस्कार. तुमचा कॉलम वाचून मी जाड नळी बसवली, ग्रुप छान झालाय पण स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) वर-खालीचा नॉब शेवटपर्यंत वर फिरवला तरी गोळ्या टार्गेटच्या खालीच लागतात. स्कोप खराब का? (पिट्सबर्ग)

स्कोप ठीक असेल, नळी वाकून नमस्कार करतेय. अहो रिसीव्हर दस्त्याला फक्त एका स्क्रूने धरलेला आहे आणि नळी फक्त त्या ठोकळ्याने, म्हणजे दीड किलोचं लोखंड मागच्या एका टोकावर लटकतंय, वर ठोकळा आवळला की तो नळीला जरा तिरकाच ओढतो. तोंड खाली झुकतं. डोळ्याला दिसत नाही, पण ५० यार्डावर दिसतं. सोपा उपाय म्हणजे नळीखाली, रिसीव्हरच्या पुढे इंच-दोन इंचावर, दस्त्याच्या खाचेत पातळ पट्टीची गादी, रबराची किंवा कार्डबोर्डचीसुद्धा चालते प्रयोगापुरती, म्हणजे नळीला तिथे टेका मिळतो. पुढचा सगळा भाग मोकळा राहू दे, कागदाची चिठ्ठी खाचेतून आरपार फिरली पाहिजे. तेवढ्याने नाही भागलं तर स्कोपची मागची बाजू जरा उंच धरणारा, पुढे उतरता माउंट मिळतो. आणि कायमचा उपाय हवा असेल तर मागेही दुसरा स्क्रू असलेला रिसीव्हर, किड तसा बनवतं, पण मग तुम्ही सुटा भाग नाही, अख्खी नवी रायफलच घेताय.

गादी घातल्यावर ग्रुप परत मोजा. माझ्या एका रायफलला गादी आवडली, दुसरीला अजिबात नाही.

प्रश्न : दादा, मी एच-१बी वर आहे, न्यू जर्सीत. मित्र ग्रीन कार्डवाला आहे, त्याची १०/२२ आम्ही दोघं मिळून मॉडिफाय करणार आहोत, रायफल माझ्या बेसमेंटमध्ये राहील कारण माझ्याकडे टूल्स आहेत. फोल्डिंग स्टॉक आणि पुढे आटेवाली नळी असं डोक्यात आहे. चालेल ना? (एडिसन)

थांब. थांब आणि हे दोनदा वाच.

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवणं हाच गुन्हा आहे. विकत घेणं सोडाच, ताब्यात असणं. याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांना लागू होणारा मुख्य म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. ते नसेल तर मित्राची रायफल तुझ्या बेसमेंटमध्ये म्हणजे तुझ्या ताब्यात, मालकी कोणाचीही असो. तुझं ग्रीन कार्ड लाइनमध्ये असेल ना? एका रायफलपायी ते आयुष्यभराचं काम घालवशील. बंदूक विकत घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर हा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, तिथे चुकीची खूण करणं हा आणखी वेगळा गुन्हा. हंटिंग लायसन्स काढायचं तर त्याचा कोर्स आहे, तो कर, आणि त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोल, मी वकील नाही, मी नळ्या बदलतो.

आता दुसरा भाग. न्यू जर्सी. बऱ्याच राज्यांत पॉइंट टू टू ला सूट असते, कारण तिथले नियम सेंटरफायर काडतुसांच्या (पिन बुडाच्या मध्यावर आपटते ती; पॉइंट टू टू मध्ये कडेवर आपटते) रायफलींसाठी लिहिलेत. न्यू जर्सीत तशी सूट नाही. काढता येणारं मॅगझिन असलेल्या सेमी ऑटो रायफलला फोल्डिंग दस्ता, ठळक पिस्टल ग्रिप, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची ज्वाळा कमी करणारा भाग) किंवा तो बसवायचे आटे असलेली नळी, संगीन लावायची सोय, यातल्या दोन गोष्टी असल्या की ती असॉल्ट फायरआर्म. तुझ्या यादीत बरोबर दोन आहेत. म्हणजे मित्राची कायदेशीर रायफल तुम्ही दोघं हौसेने बेकायदा बनवणार होतात, आणि दोन्ही पार्ट ऑनलाइन मागवले की घरी येतात, कारण कायद्याने रिसीव्हर हीच बंदूक आणि नळी, दस्ता हे नुसते पार्ट. कुरियरवाला विचारत नाही म्हणून चालतं असं नसतं. मॅगझिनही तिथे दहा गोळ्यांच्या वर नाही. या कायद्यांवर कोर्टात खटले चालू असतात, त्यामुळे पार्ट मागवण्याआधी आजची स्थिती बघायची, दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून नाही.

प्रश्न : माझ्याकडे १०/२२ चं टेकडाउन मॉडेल आहे (नळी सहज वेगळी होते ते) आणि सासऱ्यांकडे (ते अमेरिकन आहेत) रूगरचीच चार्जर, १०/२२ चं आखूड रूप. त्यांची नळी माझ्या रायफलला टक्कन बसते! आम्ही गंमत म्हणून लावून पाहिली, बॅगेत मावेल इतकी छोटी झाली. (ॲरिझोना)

ताई, ती गंमत लगेच काढून ठेवा आणि परत लावू नका. चार्जर कायद्याने पिस्तूल आहे म्हणून तिला १० इंची नळी चालते. तुमच्याकडे खांद्याला लावायची रायफल आहे, तिला १६ इंचापेक्षा छोटी नळी लावली की ती शॉर्ट बॅरल्ड रायफल झाली, १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली आधी नोंदणी आणि मंजुरी लागते. अख्खी रायफल २६ इंचाच्या आत आली तरी तेच. पूर्वी त्यासाठी २०० डॉलर कर होता, १९३४ पासून तोच आकडा, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय, आणि त्यामुळे बरेच लोक समजतात की आता नोंदणीच नको. नोंदणी लागतेच. मोजायची पण पद्धत आहे : बोल्ट बंद करून, रिकामी आहे याची खात्री करून, तोंडातून काठी आत घालायची, बोल्टला टेकली की खूण करायची. तोंडावर स्क्रूने लावलेलं काही मोजत नाहीत, कायमचं वेल्ड किंवा पिन केलेलं असेल तरच. म्हणून बाजारातल्या नळ्या १६ च्या जरा वरच्या असतात. आणि हो, सासऱ्यांना पण हे वाचून दाखवा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुण्याला येतोय. माझ्या जुन्या फॅक्टरी नळीला मित्र शोपीस म्हणून मागतोय. चेक-इन बॅगेत टाकली तर? नुसती नळी आहे, बंदूक थोडीच. (डॅलस)

नाही. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्र या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. म्हणजे अमेरिकेत जो पार्ट पोस्टाने येतो तो मुंबई विमानतळावर विनापरवाना शस्त्र आयात होतो. अमेरिकेतून बाहेर न्यायलाही एक्सपोर्टचे नियम आहेतच. मित्राला फोटो पाठवा.

यापेक्षा महत्त्वाचं, तुम्ही रेंजवर जी बॅग नेता तीच घेऊन भारतात येता का? येत असाल तर आजच ती उलटी करून झाडा, प्रत्येक कप्पा, शिवणीतली फट सुद्धा. पॉइंट टू टू चं काडतूस शेंगदाण्याएवढं, कुठेही लपतं. एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं की विमानतळावर पोलीस केस होते, विसरलो म्हणून सुटका व्हायला कोर्टात चकरा. भारतात येण्याची बॅग वेगळी ठेवा, हे मी घरच्यांनाही सांगून ठेवलंय.

प्रश्न : सर, माझी मुलगी कोल्हापुरात एअर रायफल शिकते, आता पॉइंट टू टू वर जाणार. तुम्ही लिहिता ती १०/२२ कस्टम करून घेतली तर स्पर्धेत चालेल का? स्वप्नील कुसाळे पण पॉइंट टू टू नेच खेळतो ना? (कोल्हापूर)

काडतूस तेच, रायफल वेगळी. कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून अशा तिन्ही स्थितींत) कांस्य घेतलं, ४५१.४ गुण, तुमच्याच जिल्ह्यातल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीचा मुलगा, तेजस्विनी सावंतही कोल्हापूरची, २०१० ची म्युनिकची प्रोन (झोपून नेम) जगज्जेती, तर तुमच्याकडे विचारायला माझ्यापेक्षा चांगली माणसं पायलीला पन्नास आहेत. त्या स्पर्धेत एकेक गोळी हाताने भरायची रायफल लागते, सेमी ऑटो चालत नाही. शिवाय भारतात रायफल, नळी, काडतुसं सगळ्यालाच लायसन्स लागतं, परवान्याशिवाय नळी छोटी करणं हा आर्म्स ॲक्टच्या कलम ६ खाली गुन्हाच आहे, म्हणजे इथली गॅरेजमधली हौस तिथे जमणारच नाही. मुलीला सध्या क्लबची रायफल वापरू द्या. खर्च करायचाच असेल तर चांगलं शूटिंग जॅकेट तिच्या मापाचं शिवून घ्या. तिचे कोच काय म्हणतात ते बघा आणि १०/२२ विसरा.

आणि एक पत्र मी छापत नाहीये, ज्यात ट्रिगरमध्ये असं काय करायचं की एकदा ओढला की सुटतच राहतील असं विचारलंय. त्याला अमेरिकेच्या कायद्यात मशीनगन म्हणतात, १९८६ नंतर बनवलेली सामान्य माणसाला ठेवताच येत नाही, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. उत्तर नाही आणि पुढच्या अंकातही नसेल.

प्रश्न : बोल्ट मागे आपटतो त्याचा ठणठण आवाज येतो, काही बिघडतंय का? आणि रिकामी रायफल ट्रिगर ओढून सराव केला तर फायरिंग पिन तुटते म्हणतात. (टोरांटो)

बिघडत नाही. मागे पोलादी पिन आहे, तिच्यावर बोल्ट आदळतो. तिच्या जागी पॉलिमरची पिन टाका, काही डॉलरची गोष्ट, आवाज निम्म्यावर. रिकामा सराव १०/२२ वर चालतो, रूगर स्वतः चालतो म्हणतं, पण सगळ्या पॉइंट टू टू ना हे लागू नाही, काहींची पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पडतो. आणि साफ केल्यावर हात साबणाने धुवा, शिसं असतं त्या काळ्यात, मग पोहे खा.